नावं ठेवणं

ससून डॉकवर पहाटे चांगुणा वैती
घोळीचं पोट फाडून आतडी माझ्यासाठी वेगळी काढते,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, वर मूठभर बर्फ.
पैसे घेत नाही. म्हणते, "घाणीचे कसले पैसे?"
डब्यावर अजून केशर-वेलची लिहिलेलं असतं.

संग्रहातल्या बाटलीवर चाळीस वर्षं एकच नाव.
वाडदेकर सरांचं अक्षर, काळ्या शाईतलं, किंचित डावीकडे कललेलं.
साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच:
ताटात उरलेल्या शेवयांसारखे
पांढरे, ओशाळलेले, वेटोळे.
तरी दर खेपेला मला वाटायचं
यातला एखादा आपल्याला ओळख देत नाहीये.

मग एकेकाला चढवलं अल्कोहोलच्या पायऱ्यांवरून,
तीस टक्के, पन्नास, सत्तर, नव्वद, निव्वळ.
घाई केली की अंग आक्रसतं, सुरकुत्या पडतात
आणि त्या सुरकुतीलाच आपण लक्षण समजून बसतो.
(हे मी एकदा केलंय. छापूनही आलं होतं.)

शेवटी सोनं.
खरंखुरं, पण इतकं पातळ
की आईच्या एका बांगडीत
अख्ख्या डॉकवरचे जंत मढवून होतील.

ऑपरेटर डायस वसईचा, यंत्राला म्हातारी म्हणतो.
दिवसा म्हातारी काम करत नाही.
परळला आमच्या भिंतीला लागून, गिरणीच्या जागेवर
टॉवरचा पाया ठोकतायत.
दर ठोक्याला हजारो पट मोठं झालेलं चित्र
विहिरीतल्या चेहऱ्यासारखं हलतं.
म्हणून रात्री दीडनंतर,
वॉचमनचा रेडिओसुद्धा बंद करायला लावून,
आम्ही दोघं शेपटीकडे उतरतो.

काळ्यावर करडं. रंग नाहीच तिथे.
कातडीवर आडव्या रेघा, ओहोटीने वाळूवर सोडलेल्या.
मग फुगवटे, जोडीजोडीने.
मी मोजते. डायस मोजतो. आकडा जुळत नाही.
पुन्हा मोजतो.
आणि टोकाला

निवडुंग.

बारीक काट्यांचा एवढासा गेंद,
जिथे आधीच्याचं टोक साफ गुळगुळीत होतं,
घासून पालथ्या घातलेल्या तांब्यासारखं.
डायस म्हणाला, "हे दोगे भाव नाय."
माझा चहा तसाच राहिला, सकाळी त्यात मुंगी होती.

पंधरा जंत. नऊ काटेवाले, सहा बोडके.
एकाच घोळीच्या पोटात, एकाच नावाखाली.

सर मुलुंडला असतात. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
फोटो पसरायला त्यांनी जेवणाची ताटं उचलायला लावली,
सूनबाई काही बोलल्या नाहीत.
नखाने एकेक फुगवटा मोजत गेले,
ओठ हलत होते, आकडे ऐकू येत नव्हते.
"मी यांना चाळीस वर्षं एका पंगतीत बसवलं," म्हणाले.
मग विचारतच राहिले:
मासा कुठला, महिना कोणता, नरच होते ना सगळे,
घरातून निघून गेलेल्या माणसाची
चौकीत चौकशी करावी तसं.
दारापर्यंत आले. म्हणाले, जुनी चिठ्ठी काढू नकोस.
मी लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा आतून ओरडले:
नाही, काढ.

चांगुणाला काटेवाल्याचं चित्र दाखवलं.
खारट बोटांनी धरलं, उलटं धरलं,
तसंच जास्त बरं दिसत होतं.
"यो माझ्या घोलीतला?"
हो म्हटलं. कुठेच नोंद नसली तर
नवं नाव द्यावं लागेल. तुझं देऊ?
ती इतकी हसली की कोयता खाली ठेवावा लागला.
"नाव देतंस का नावं ठेवतंस गो?"
मग इकडेतिकडे बघून, हळू आवाजात:
"माझा नको. गिऱ्हाईक आयकंल."

आणि डबा पुढे केला.
आज आम्रखंडाचा होता.